सरकत्या दारावरचा उंचवटा

“डोळं मीट गो, नि हात फिरव.”

काम झालं की पत्रेवाले काका हे सांगायचेच. गिऱ्हाईक घाईत असो, चिडलेलं असो, नाहीतर अंगावर खाकी असो. डोळे मिटायचे आणि ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरून तळवा न्यायचा. “डोळ्याला नुसता रंग दिसतो. पत्रा हातालाच कळतो,” असं म्हणत ते दुसऱ्या गाडीकडे निघालेले असायचे. आपण डोळे उघडून “छान झालंय हो” म्हणावं, तर समोर काका नाहीतच!

शहापुरातून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची शेड होती. जुन्या गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करायचे, हा धंदा. पण पायाला भिंगरी. जीपच्या बॉनेटवर दोन-चार ठोके, लगेच टेम्पोचा मडगार्ड, तिथून रिक्षाखाली. चहासुद्धा उभ्यानेच, आणि अर्धा. उरलेला अर्धा कुठल्या टपावर राहिलाय ते संध्याकाळी शोधावं लागायचं.

अमावास्येला शेड बंद. त्या दिवशी लोखंडावर हातोडी उगारायची नाही, हा त्यांच्या बापाच्या वेळचा नियम. मग काय, हा माणूस गावभर उभ्या गाड्यांवर हात फिरवत हिंडायचा. एकदा लग्नाच्या गाडीवरची फुलं बाजूला सारून डोळे मिटून उभे राहिलेले मीच पाहिले. नवऱ्याचा मामा धावून आला. “ओ, काय चोरताय?” काका म्हणाले, “चोरीच झालेय तुमची. दारात नुसती पुट्टी थापलेय. ज्यानी गाडी विकली त्यानी फसवलं तुमाला.” वरात राहिली बाजूला, मामा फोन काढून गाडी विकणाऱ्याला शिव्या घालत बसला.

पत्रा न ठोकता वरून पुट्टी थापणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. त्यांचं सगळं त्या उजव्या तळव्यावर होतं.

माझी व्हॅन तेव्हाच म्हातारी होती. आसपासच्या गावांतली पोरं शाळेत नेणं-आणणं हे माझं काम, त्यावर माझं घर चालतं. ऐन मे महिन्यात किन्हवलीजवळ एका टेम्पोने बाजू घासली आणि सरकतं दार आत गेलं. दार लागेना. शाळा उघडायच्या आत ते झालं नाही, तर पालक पोरांना दुसऱ्या गाडीत बसवणार, आणि दुसऱ्या गाडीत बसलेलं पोर परत येत नाही. मी दार काकांकडे टाकलं.

पहिल्या आठवड्यात दार बरंच वर आलं. मग मधला फुगलेला भाग तसाच राहिला. रोज जावं, रोज “उद्या”.

“काका, तुमच्याकडे उद्या उजाडतो तरी कधी?”

“तू लय गरम डोक्याची बाई.”

“आणि तुम्ही तव्यावरचे शेंगदाणे. एका जागी टिकाल तर शपथ!”

हसले, आणि गेले जीपखाली. मी बघितलं, शेडमधल्या सगळ्याच गाड्या अर्धवट होत्या. एकही पुरी नाही. गिऱ्हाइकं येऊन ओरडून जात होती.

शाळा उघडायला थोडे दिवस राहिले तशी माझं डोकंच फिरलं. दुपारी जाऊन एका टायरवर ठाण मांडलं. “आज दार झाल्याशिवाय हलणार नाही.” काकांचा नाइलाज झाला. त्यांनी गॅसची आग लावून फुगलेला पत्रा तापवला. मग त्यावर ओलं फडकं दाबायचं, की पत्रा आकसून बसतो. फडकं दाबलं. आणि सवयीने तळवा टेकवला, पण फडक्याच्या बाजूला, तापलेल्या उघड्या पत्र्यावर.

आणि तसाच ठेवला!

मला वास आला. मी किंचाळले, मनगट धरून हात ओढला. तळव्याचं कातडं पांढरं पडलेलं. काका त्याच्याकडे बघत राहिले.

“भाजलं काय गो?” त्यांनी मलाच विचारलं.

मी त्यांना नळाकडे ओढत नेलं. नळाखाली हात धरून उभे असताना ते हळू बोलले. “साखरेनी गेलाय. डावा आधी गेला, मंग ह्यो. आता काय पन कळत नाय. कुनाला बोलू नको. पत्रेवाल्याचा हात गेला म्हटल्यावर कोन येतंय?”

तेव्हा कळलं, हा माणूस एवढ्यात जास्तच का पळत होता. गाडी पुरी झाली की हात फिरवावा लागतो. म्हणून ते एकही पुरी करत नव्हते. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते.

“मग माझा हात घ्या की!” मी ओरडले.

परक्या बाईचा हात कसा धरणार? त्यांनी एक पातळ सुती कापड दारावर पसरलं, त्यावर मला तळवा ठेवायला लावला आणि कापडाचं टोक धरून हळूहळू ओढू लागले.

“डोळं मीट गो. काय लागतंय? उंच का खोल?”

“मला काय कळतंय!”

“कळंल. घाई करू नको.”

हे कोण सांगतंय बघा! पण मी डोळे मिटले, कारण ते एका जागी उभे होते. त्यानंतर रोज दुपारी मी सांगायचे, “इथे उंच,” आणि पट्टी बांधलेल्या हाताने ते तिथेच ठोका घालायचे. शेवटी मी म्हटलं, “काका, सपाट.” दार लागलं, शाळा उघडली, माझी सगळी पोरं माझ्याच गाडीत बसली. मग शेडमधली जीप, टेम्पो, रिक्षा, सगळी आम्ही तशीच पुरी केली. नवं काम मात्र त्यांनी घेतलं नाही.

शेड बंद करून ते वैशाखऱ्याला मुलीकडे गेले. दिवाळीत मी फराळ घेऊन गेले, तर काका माझ्याकडे न बघता सरळ व्हॅनच्या दारापाशी. तळवा फिरवला, मान हलवली. मग एकदम वाकले आणि गाल टेकवला. गाल दारावरून नेत राहिले. मुलगी ओट्यावरून ओरडली, “बाबा, काय करताव? लोकं बघतात!”

“हितं उंचवटा राहिलाय!” काका ओरडले. “गालाला कळतंय गो! गालाला कळतंय!” एवढा आनंद मी त्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. “हातोडी हाय गाडीत? नाय? मंग पाना तरी दे!” मुलीने ओढून जेवायला नेलं. निघताना पुन्हा खिडकीशी आले. “पुढल्या खेपेला हातोडी नि पत्र्यामागं धरायचा ठोकळा घेऊन ये.”

त्यांची शेड घेणाऱ्याकडून मी दोन्ही मागून आणलं आणि गोणपाटात बांधून मागच्या सीटखाली ठेवलं. पण पुढल्या खेपेला गेले ती त्यांच्या दहाव्याला.

उंचवटा अजून आहे. सीटखालचं गाठोडं कितीही घट्ट बांधा, प्रत्येक वळणाला सुटतं आणि या कडेहून त्या कडेला खडखडत जातं.

“ताई, खाली काय वाजतंय?” नवीन पोरं विचारतात.

“काका आहेत,” मी म्हणते. “एका जागी बसवत नाही त्यांना.”