वल्ही नसलेली होडी

श्रीपतराव पाटोळे दिसायला अगदीच किरकोळ. बरकतपुऱ्याच्या गल्लीतून काखेत छत्री मारून निघाले, तर कुणी कारकून भाजीला चाललाय, यापलीकडे कुणाला काही वाटू नये. पण बुधवारी संध्याकाळी सहाला हाच माणूस चर्चमध्ये कमरेला उपरणं कसून, चिपळ्या घेऊन उभा राहिला, की समोरची साठ-सत्तर माणसं खोकायचंही विसरत.

हैदराबादेतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे ते उपदेशक. मंडळी कसली, सव्वीस घरं. कुणी दवाखान्यात, कुणी टपालात, बाकी बहुतेक राज्य सरकारच्या कचेऱ्यांत. इमारत तेलुगू मंडळीची. रविवारी सकाळी त्यांची उपासना, दुपारी मराठी, आणि बुधवार श्रीपतरावांच्या कीर्तनाचा. कीर्तन म्हणजे खरंखुरं कीर्तन, पेटी-तबल्यासकट. फक्त आख्यान ख्रिस्ती साधुसंतांचं. जालन्याकडे मिशनच्या शाळेत एका म्हाताऱ्या मास्तरांनी ख्रिस्ती धर्माचा दोन हजार वर्षांचा इतिहास त्यांना तोंडी सांगितला होता, आणि पोरानं तो अधाशासारखा गिळला होता. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात वर्षानुवर्षं एकटा राहिलेला अंतोनी श्रीपतराव असा रंगवत, की ऐकणाऱ्याला वाटावं, परभणीच्या माळावर या दोघांची गाठ पडली असणार.

खरं सांगायचं तर हा माणूस त्या एका तासासाठीच जगत होता. बायको, पार्वतीबाई, एक्कावन्न साली गेली; तिला नारायणगुड्याच्या दफनभूमीत ठेवलं. मुलगी मालती शेजारच्याच गल्लीत नांदत होती, ती दोन वेळचा डबा पोचवी. बाकी सगळा आठवडा म्हणजे बुधवारची तयारी. तेलुगू त्यांना तीस वर्षांत आली नाही ती नाहीच. भाजीवालीशीसुद्धा दखनी उर्दूत भागवायचे.

छप्पन साली राज्यांची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्रात. मराठी नोकरदारांपुढे कागद आला : तिकडे जायचं की इथंच राहायचं, पसंती कळवा. घराघरांत खल सुरू झाला. कुणाच्या पोरांची शाळा आडवी येई, कुणाची म्हातारी सासू. आणि त्याच सुमारास तेलुगू मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री, अप्पाराव एके दिवशी श्रीपतरावांच्या खोलीवर येऊन ओशाळल्यासारखे बसले.

"पाटोळे साब, हमारे लोगां बढ गए, जगा पुरती नहीं. कमिटी बोली, मराठी घरां दस के नीचे आए तो इतवार की उपासना भी बंद, बुधवार भी बंद. मैं क्या करूं?"

"कुछ फिकीर नक्को करो," श्रीपतराव हसून म्हणाले. सव्वीस घरं कुठं आणि दहा कुठं! ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलीही नाही. माझ्या कीर्तनासाठी थांबा हो, असं लोकांना म्हणायचं म्हणजे भीक मागण्यातलाच प्रकार, आणि या बाबतीत माणूस भलताच मानी होता.

लोक मात्र घाबरलेले दिसत होते. त्यांना जरा धीर द्यावा म्हणून एका बुधवारी श्रीपतरावांनी आयर्लंड बेटावरच्या तीन संन्याशांचं आख्यान लावलं. हजार वर्षांपूर्वी ते तिघं चामड्याच्या होडीत बसले आणि वल्ही किनाऱ्यावरच टाकून निघाले. देव नेईल तिकडं जायचं, मग आपण कशाला हात मारायचे? श्रीपतरावांनी समुद्र उभा केला, वारा उभा केला. "घर सुटू दे, गाव सुटू दे, वल्ही सुटू दे!" असं पालुपद धरलं, तेव्हा पेटीवर बसलेल्या लक्ष्मणराव कंपाउंडरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. श्रीपतरावांना म्हणायचं होतं एवढंच, की चिंता देवावर टाका. पण ऐकणाऱ्यांच्या खिशात सरकारी कागद होता.

प्रार्थना संपल्यावर लक्ष्मणराव उठून जवळ आले. "उपदेशक, महिनाभर परेशान होतो. हौ म्हणू का नक्को म्हणू, कळत नव्हतं. आज देवानं तुमच्या तोंडून जवाब दिला. मी उद्याच औरंगाबाद लिहून देतो."

आता काय बोलणार? मी तसं म्हटलं नव्हतं म्हणावं, तर कीर्तन खोटं पडतं. तसंच म्हटलं होतं म्हणावं, तर पेटी जाते. श्रीपतरावांनी लक्ष्मणरावांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. हात काढेपर्यंतच त्यांना कळलं, की आपण गाढवपणा केला.

मग रीघच लागली. मंडळीची रीत अशी, की गाव सोडणाऱ्या कुटुंबाला उपदेशकानं पत्र द्यायचं : हे आमचे विश्वासू सभासद, यांना आपल्यात घ्यावं. त्या पत्राशिवाय नव्या गावात प्रभुभोजनाच्या पवित्र विधीला उभं राहता येत नसे. लोक पत्राला येत, आणि येताना पेढे आणत! श्रीपतराव ते पेढे खात आणि पत्र लिहीत. वर्षाच्या आत सव्वीसाची अकरा घरं झाली. पेटी-तबला वाजवायला कुणी उरलं नाही, तेव्हा नुसत्या चिपळ्यांवर भागवायला लागले.

अकरावं घर होतं महसूल खात्यातल्या मुकुंदरावांचं. त्यांचं अजून नक्की नव्हतं, म्हणून श्रीपतराव अभिमान गिळून त्यांच्याकडे गेले. इकडचं तिकडचं बोलले, चहा झाला. मग म्हणाले, "मुकुंदराव, घाई करू नका. पोरीची मॅट्रिक आहे. इथं जम बसलेला आहे."

मुकुंदरावांनी कप खाली ठेवला. "उपदेशक, माझी परीक्षा घेता काय? बायको मागं खेचते, भाऊ मागं खेचतो. मी सगळ्यांना तुमचेच तीन संन्यासी सांगतो. आता तुम्हीच वल्हं हातात देता?" आणि स्वतःच मोठ्यानं हसले. श्रीपतरावही हसले. परत येताना त्यांना छत्रीची आठवण राहिली नाही. चार दिवसांनी मुकुंदरावांचा मुलगा पत्रासाठी आला, तेव्हा ती घेऊन आला.

उरली दहा घरं. टपालातले, दोन नर्सबाई, काही पेन्शनर, हे कुठं जाणारे नव्हते. दहावं घर मालतीचं. श्रीपतराव निर्धास्त नव्हते, पण पोटची पोर म्हणून विचारायचं धाडसही करत नव्हते. जावई गोविंद शिक्षण खात्यात होता.

एका रविवारी उपासनेनंतर मालती खोलीवर आली. डबा ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, यांनी पण लिहून दिलं. मागच्या महिन्यातच. तुम्हाला सांगायला जीभ उचलत नव्हती."

श्रीपतरावांनी डबा उचलून फडताळात ठेवला.

"पत्र पाहिजे होतं. आणि तुम्ही पण चला ना. औरंगाबादेत मंडळी केवढी मोठी आहे. कीर्तनकारच म्हणे चार-पाच आहेत."

"मग तिथं माझं काय काम?" ते म्हणाले. "आणि तुझी आई इथं आहे."

"आई नारायणगुड्यात नाही, बाबा. हे तुम्हीच मला शिकवलं. मी रडत होते तेव्हा." मालतीचा आवाज चढला. लहानपणापासून ती बापाशी असं कधी बोलली नव्हती. "सगळ्यांना वल्ही टाकायला लावली. मग तुम्ही का धरून बसले? सांगत होते ते कुणासाठी?"

श्रीपतरावांना वाटलं, सांगून टाकावं, की बाई, तुझं घर दहावं आहे, तू गेलीस की माझा बुधवार गेला. शब्द ओठापर्यंत आले होते. पण ते बोलायचं म्हणजे पोरीच्या पायात बेडी घालायची. ते त्यांनी गिळलं, आणि दुसरंच खरं बाहेर पडलं.

"लोकांसाठी सांगत होतो," ते म्हणाले. "माझा तेवढा विश्वास कधीच नव्हता, मालती. समोर तुम्ही बसायचे, तुमच्या तोंडांकडं बघून तो यायचा. घरी आलो की मी भ्यायलेलाच असायचो."

श्रीपतरावांनी दौत जवळ ओढली. तिला कागद धरायला सांगितला. हे आमचे विश्वासू सभासद, यांना आपल्यात घ्यावं, एवढं नीट वळणदार अक्षरात लिहिलं, खाली सही केली, आणि दहावं घर आपल्या हातानं देऊन टाकलं.