काकूंच्या कपाचा कान

जगातल्या कुठल्याही दोन वस्तू एकमेकींत नीट बसत नाहीत, या एका दुःखात अख्खं आयुष्य काढलेले गृहस्थ माझ्या माहितीत एकच, ते म्हणजे काळेवाडीतल्या आमच्या इमारतीत समोरच्या दारात राहणारे काका. मूळचे चाकणकडच्या गावचे. जमीन भावकीच्या वाटण्यांत आणि कारखान्यांत गेली, काका एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच लोखंडावर कानस घासत राहिले. कंपनी सुटली, पण खिशातला बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काही सुटला नाही. पोळीची जाडी ते मोजत, रक्तदाबाची गोळी मोडली की दोन्ही तुकडे मोजत. सोसायटीनं हौसेनं नवं फाटक बसवलं, तर पूजेच्या आधीच काकांनी त्याच्या बिजागरीवर लाल खडूनं फुली मारून ठेवली होती. माणसांचेही त्यांनी कंपनीच्या पद्धतीनं वर्ग पाडले होते: ओके, रीवर्क आणि स्क्रॅप. आमचे चेअरमन स्क्रॅपमध्ये होते. "तुमी रीवर्कमधी हाय," असं त्यांनी मला माझ्याच घरी, माझाच चहा पिताना सांगितलं, आणि माझ्या बायकोनं त्यावर मान डोलावली.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. डावा हात संधिवातानं आधीच कामातून गेलेला, त्यात उजव्याची बोटं आत वळून बसली. काकू मुळातच कमी बोलणाऱ्या, आता शब्दही अडखळत येत. त्यांचं मागणं एकच होतं: आपला चहा आपल्या हातानं प्यायचा. काका चमच्यानं पाजत, आणि तेही टूलरूमच्या शिस्तीनं, सांडू न देता, हनुवटीखाली स्वच्छ फडकं धरून. "चहा पाजत्यात... का मशिनीला... त्याल देत्यात," काकू एकदा मला म्हणाल्या. मी हसलो, पण त्या हसत नव्हत्या.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी काकांना एका ऑनलाइन मंडळाची ओळख करून दिली. ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी चमचे, कंगवे, पेनं घरच्या घरी बनवणारी हौशी माणसं, देशोदेशींची. पैशाचा संबंध नाही. येतं ते शिकवायचं, येत नाही ते विचारायचं, एवढाच नियम. दर रविवारी दुपारी सगळे पडद्यावर जमत, कुणाकडे तेव्हा पहाट असे, कुणाकडे संध्याकाळ. काकांचं इंग्रजी मशीनच्या भागांच्या नावांपुरतंच, म्हणून दुभाषा म्हणून माझी रविवारची झोप गेली. काका गेले होते काकूंना धरता येईल अशा कपाचं विचारायला. पण पहिल्याच दिवशी कुणाला तरी वेडीवाकडी कानस चालवताना त्यांनी पाहिलं, आणि विचारायचं राहून ते थेट मास्तर झाले.

"पाय दाखवायला सांगा सगळ्यांला," काका म्हणाले. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. "आवो, कानस हातानं न्हाई, पायानं मारत्यात. उभं कसं ऱ्हायलीत ते बघू द्या." मी जीव मुठीत धरून इंग्रजीत सांगितलं. पडद्यावर एकेक कॅमेरा खाली वळला, आणि साऱ्या दुनियेचे पाय काळेवाडीत आले: लोकरीच्या मोज्यांतले, सपातांतले, एका धिप्पाड गृहस्थांचे तर चक्क अनवाणी. काकांनी एकेकाचा डावा पाय पुढे घेववला. पुढच्या रविवारी लोक सांगू लागले की खरंच, काम सरळ येतंय. काका खुलले. काकूंच्या आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदाच खुललेलं पाहत होतो.

काकूंचा कप मात्र जमेना. काका रोज सकाळी त्यांची बोटं व्हर्निअरनं मोजत, स्टीलच्या कपाला नवा कान बसवत, आणि दुपारच्या चहाला तो कप काकूंच्या हातातून निसटे. मोजमाप चोख, फिटिंग चोख, तरी निसटे. अशा कपांची रांग खिडकीत वाढत गेली, प्रत्येकावर लाल फुली. मंडळात विचारा म्हटलं, तर म्हणत, "शिकवणाऱ्यानं इचारायचं व्हय?" एका रविवारी वर्ग चालू असताना काकू खाटेवरून म्हणाल्या, "इचारा की... त्यास्नी." काका ऐकून न ऐकल्यासारखं करू लागले. मी मात्र काकूंचं वाक्य इंग्रजीत करून टाकलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी रीवर्कमधून थेट स्क्रॅपमध्ये गेलो.

उत्तर आलं दूर चिलीतल्या एका म्हाताऱ्या बाईंकडून. आयुष्यभर बेकरी चालवलेल्या त्या बाई म्हणाल्या, मोजू नका, पिठाचा गोळा तिच्या हातात द्या, तिला धरवेल तसा धरू द्या. काकांनी जन्मात कणीक मळली नव्हती. पहिली सैल झाली, दुसरी दगड. बाईंनी दोन्ही गोळे पडद्यावरूनच नापास केले आणि तळव्यानं कसं मळायचं ते दाखवलं. काका घामाघूम होऊन, मुकाट्यानं शिकले. मग काकूंनी तो गोळा धरला.

त्यावर उमटलेले ठसे काका कितीतरी वेळ पाहत राहिले. दोन बोटं एकमेकींवर चढलेली, करंगळी दुमडलेली, अंगठा नुसता टेकलेला. वस्तू मोजायची तर आधी ती सरळ करायची, ही त्यांची जन्माची सवय. रोज सकाळी काकूंचं एकेक बोट ते आधी सरळ करत आणि मग मोजत. काकूंना दुखत असणारच, पण त्या कधी बोलल्या नाहीत. "आमी भलताच हात मोजत हुतो," काका म्हणाले. 

त्या ठशावरून काकांनी नायलॉनचा तुकडा घासून वाकडातिकडा, बघायला कुरूप असा कान बनवला. काकूंनी चहा प्यायला. अर्धा पातळावर सांडला. काका फडकं घेऊन धावले, तेव्हा "थांबा," म्हणाल्या, स्पष्ट, न अडखळता. तो पावसाळाभर त्या आपल्या हातानं चहा प्यायल्या. थंडीत दुसरा झटका आला आणि त्या गेल्या.

काका त्यानंतर कितीतरी रविवार मंडळात आले नाहीत. मंडळाची माणसं त्या कानाचं ड्रॉइंग मागत होती, मी टाळत होतो. एके दिवशी काका स्वतःच कप घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पट्टी शेजारी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढायला लावले आणि म्हणाले, "पाठवा." काही दिवसांनी कुठल्याशा बर्फाच्या गावाहून फोटो आला. एक म्हातारे आजोबा तसाच कप धरून बसले होते. कुणीतरी मापं जशीच्या तशी उचलली होती, त्यामुळे त्यांची जाड बोटं कानात कशीबशी कोंबल्यासारखी दिसत होती.

काकांनी चष्मा पुसून फोटो मोठा करून पाहिला. "ल्हान पडतुया त्यांला."

"कळवू का, तुमच्या हाताच्या मापानं करून घ्या म्हणून?"

"कळवा की." मी टाइप करायला घेतलं, तशी त्यांनी माझा हात धरला. "पयलं आसं लिवा," ते म्हणाले, "की तिचा हात ल्हान हुता."

पुढचं त्यांना सांगता येईना. मग मीही तेवढंच लिहून पाठवलं.