आईची कमरसाखळी आणि डोंबिवलीतली निळी टाकी

ठाण्याच्या आमच्या सोनाराने आईची चांदीची कमरसाखळी एके ठिकाणी घासून पाहिली आणि म्हणाला, “निम्मं तांबं आहे.” झालं! साखळी बाबांनी लग्नात दिलेली. बाबा आता नाहीत, म्हणून महिनाभर मीच ऐकत होतो, “तुझ्या बापान मना फसवला.” शेवटी ठरलं, डोंबिवलीत विजेवर चांदी शुद्ध करतात, तिथे साखळी वितळवून तांबं काढून टाकायचं.

शुक्रवारी जाऊ नका, एमआयडीसी बंद असते. आम्ही शनिवारी स्कूटरवर निघालो आणि शीळफाट्याला पाऊण तास अडकलो. सकाळी आठच्या आत तो पार करा. फाट्यापुढच्या हातगाडीवरचा वडापाव झकास, चटणी मात्र जपून.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. मालक कुलकर्णी काकांनी हौसेने टाकी दाखवली. कापडी पिशवीत भेसळीच्या चांदीची लादी, समोर स्टीलचा पत्रा. वीज सोडली की चांदी टाकीतल्या आम्लाच्या पाण्यातून जाऊन पत्र्यावर कणाकणाने जमते. तांबं पाण्यात उरतं, म्हणून पाणी निळं. सोनं असलंच तर पिशवीत. मला दोनदा विचारावं लागलं. आई कोळीण, तिला लगेच कळलं. “म्हंजे म्हावरा निवडतान, तसाच.”

काकांनी भिंगातून साखळी पाहिली, मधल्या कडीवर तपासणीच्या आम्लाचा थेंब टाकला आणि हसले. “मावशी, सोनाराने नेमकं जोडावर घासलं. तुटलेलं जोडायला डाक लावतात, त्यात तांबं असतंच. बाकी चांदी एक नंबर! सात ठिकाणी जोडलीय. वितळवू?”

“आनी यो डाक?”

“त्यातलं तांबं या पाण्यात जाईल.”

आईने साखळी उचलून कमरेला खोचली. मी वैतागलो. “अगं, एवढ्या लांब आलोय...”

“चल घरा.”

काकांनी पैसे घेतले नाहीत, उलट चहा पाजला. 

घरी ती साखळी मांडीवर घेऊन बसली. एकेका डाकावर बोट ठेवत सांगू लागली. हा होडीतून उतरताना तुटली तेव्हाचा. हा “तू पोटान व्हतास तवाचा.” सातव्यावर बोट थांबलं.

“यो मीच तोरलेला. भांडान, त्याच्या अंगाव फेकून.”

“मग बाबा काय म्हणाले?”

“कायच नाय. दुसरे दिशी जोरून आनली.”