कुंकू लावलेले शेअर

डोंबिवलीच्या आमच्या घरात विजेचा दिवा यायच्या आधी लंडनच्या बाजारातले शेअर आले. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोर्टातल्या एका चहाच्या कंपनीत हेडक्लार्क होते. मळे आसामात, ऑफिस मुंबईत; पण कंपनीची नोंदणी लंडनला आणि तिच्या शेअरची खरेदी-विक्रीही तिथल्याच बाजारात. स्वराज्य आलं तसा गोऱ्या साहेबाने गाशा गुंडाळला आणि जाताना स्वतःचे थोडे शेअर अण्णांच्या नावे करून दिले. तेव्हापासून अण्णांची मान जी ताठ झाली ती झालीच. ऑफिसात येणाऱ्या विलायती पेपरात ते भाव बघत आणि संध्याकाळी विहिरीवर भेटेल त्याला ऐकवत. शेजारी त्यांना लाटसाहेब म्हणून चिडवायचे. अण्णांना ते आवडायचं.

लक्ष्मीपूजनाला इतरांच्या चौरंगावर दागिने आणि चोपड्या असत, आमच्या चौरंगावर शेअरचा कागद. आई पहिल्या वर्षी तो घडी घालूनच ठेवत होती. अण्णा म्हणाले, उघडा ठेव, लक्ष्मीला नाव दिसू दे. मग आईने ओल्या कुंकवाची पाच बोटं त्या नावावरच उठवली, आणि पुढे दर वर्षी नेमाने त्याच जागी. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मग माझ्या मोठ्या बहिणीला क्षय झाला. ताई शाळेत शिकवायची. खोकला तिने खडूच्या धुळीवर ढकलला आणि आम्हीही ते मानलं. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं की विलायती इंजेक्शनं महिनोन्‌महिने द्यावी लागतील आणि मध्ये खंड पडता कामा नये. पहिली इंजेक्शनं आईच्या पाटल्यांवर आली. पुढच्यांचं काय, असं आईने विचारल्यावर अण्णा म्हणाले, शेअर आहेत ना. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

फोर्टातल्या एका दलालाने कागद लंडनला धाडला. आम्ही वाट बघत राहिलो. अण्णा घरात पाऊल टाकताच ताई त्यांच्या तोंडाकडे बघायची, आणि ते चपला काढण्यात उगाच वेळ घालवायचे.

दलालाचं बोलावणं आलं त्या दिवशी ताईचं औषध घ्यायला मीही अण्णांबरोबर गेले होते. दलालाने कागद टेबलावर पसरला. कुंकवाखाली नाव आणि नंबर वाचता येत नाही, म्हणून लंडनने तो परत पाठवला होता. नवा कागद मिळेल, पण प्रतिज्ञापत्र, बँकेची हमी, तिकडची मंजुरी, यात कितीतरी महिने जाणार. अण्णांनी विचारलं, हे नाव माझंच आहे असं साहेबाने लिहून दिलं तर? दलालाने कागदाची घडी घालून तो अण्णांपुढे सरकवला.

स्टेशनवरून घरी येताना अण्णा भाताच्या शेताच्या बांधावर थांबले.

"घरी यातलं काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "आपल्या बोटांनी हे झालं असं तुझ्या आईला कळलं तर ती जगायची नाही. विलायतचं काम, वेळ लागतो, एवढंच सांगायचं."

मी तेवढंच सांगितलं. आईने मात्र अण्णांना सोडलं नाही. तुमच्या विलायतेने पोरीचा घात केला, असं ती रोज ऐकवायची, आणि विहिरीवर भाव सांगणारा माणूस खाली मान घालून ऐकून घ्यायचा. अण्णांनी जिथे जिथे हात पसरायचे तिथे पसरले, तरी इंजेक्शनांत खंड पडायचा तो पडलाच. होळीच्या आधी ताई गेली. मला अजून संताप येतो, आणि तो नेमका कुणावर काढावा हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

त्या वर्षी आम्ही दिवाळी केली नाही. पुढच्या वर्षी आईने चौरंग मांडला आणि कागद मागितला. आता विकायचे कशाला, म्हणून मीच परत मागवला, असं अण्णांनी तिला सांगून ठेवलं होतं. त्यांनी तो ट्रंकेतून काढला. आई म्हणाली, यंदा असू दे घडीतच, कुंकू लावायचं मनात नाही. नेहमीची रीत मोडली की ती त्यावर विचार करत बसायची, आणि कुंकवाचा विचार तिने करावा हेच अण्णांना नको होतं.

"उघडाच ठेव," ते म्हणाले. "आणि दर वर्षीसारखं कुंकू लाव."

आईने बोटं बुडवली आणि नेहमीच्या जागी टेकवली. कागद हलू नये म्हणून अण्णांनीच तो दोन्ही हातांनी धरला होता.