तारखेला कोणीच आलं नाही

उन्हाळा लागला की सगळं शहर कुरकुरायचं आणि आमच्या घरात मात्र आनंदीआनंद असायचा. औरंगपुऱ्याच्या एका बोळात आमचं कूलरचं दुकान होतं. पत्र्याच्या बॉड्या करून घ्यायच्या, मोटारी बसवायच्या, बाजूंना गवत भरायचं आणि मार्च ते जून जे मिळेल त्यावर उरलेलं वर्ष ओढायचं. एप्रिलमध्ये नुसतं आभाळ भरून आलं तरी आमचे हे जेवताना गप्प असायचे. मी म्हणायचे, "अख्ख्या मराठवाड्यात पावसाला शिव्या देणारे तुम्ही एकटेच." तेवढ्यापुरतं हसायचे.

टाळेबंदी नेमकी त्याच महिन्यांत आली, आणि एकदा नाही, लागोपाठ दोन उन्हाळे. थंडीत उधारीवर उचललेला माल शटरच्या आत आणि गिऱ्हाईक आपापल्या घरात. बँकेचे हप्ते थकले, ते भागवायला फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं, आणि ते भागवायला आणखी एक. मी विचारलं की "होतंय, होतंय" एवढंच उत्तर. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं, "होतंय" म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

शेवटी मीच हट्टानं ह्यांना वकीलबाईंकडे घेऊन गेले. त्यांचं ऑफिस एका स्टेशनरीच्या दुकानावर, जिना असा अरुंद की समोरून माणूस आला तर एकानं मागं फिरायचं. माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या त्या. ह्यांचं सगळं रडगाणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, नादारीचा अर्ज करू. देणं माझ्यानं फिटत नाय, असं कोर्टापुढं सरळ सांगायचं. लाजायचं काय त्यात? कायदाच हाय तसा. जे हाय ते सगळ्यांत वाटून द्यायचं आणि मोकळं व्हायचं. मग कुणी तुमच्या दारात यायचं नाय."

कुणी दारात यायचं नाही, हे ऐकून मला रडूच आलं. फायनान्सवाल्यांची पोरं फाटकाशी उभं राहून मोठ्या आवाजात नाव घ्यायची, त्याचा मी इतका धसका घेतला होता.

ह्यांना मात्र त्या पोरांचं काही वाटत नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता एकाच माणसात. आमच्या दुकानाला लागून मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. त्याचे मालक मूळचे खुलताबादचे, सगळा बोळ त्यांना भाई म्हणायचा. आमच्या जळालेल्या मोटारी ते भरून द्यायचे. माझं लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या आधीपासून दुपारचा चहा हे दोघं मिळून प्यायचे आणि पैसे कोणी द्यायचे यावरून रोज भांडायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात ह्यांचं तोंड बघून भाईंनी न मागता पैसे आणून गल्ल्यात ठेवले होते. शिवाय वाइंडिंगची मजुरीही बरीच राहिली होती.

"त्याचं नाव नको घालायला अर्जात," हे म्हणाले. "थोडा माल विकून पैसे आलेत. त्याचं त्याला आधी देऊन टाकतो."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "एकाला द्यायचं अन् बाकीच्यांना नाय, असं कोर्टात चालत नाय, काका. उद्या ते पैसे त्यांच्याकडून परत मागतील. मित्रालाच गोत्यात आणाल तुम्ही."

म्हणून भाईंचं नाव घातलं. बोळातल्या बाकीच्या दुकानदारांचीही घातली, पत्रेवाला, गवतवाला, वायरवाला. कोर्टाच्या नोटिसा पोस्टानं जाणार होत्या. त्याआधी भाईंना स्वतः सांगून यायचं, असं हे रोज सकाळी ठरवायचे. जायचे, चहा प्यायचे आणि तसेच परत यायचे. नोटिसा निघाल्यावर तर दुकानाकडं फिरकलेच नाहीत.

"आता कोर्टातच भेटेन," म्हणाले. "तारखेला सगळे येतील. सगळ्यांदेखत हात जोडीन. मग काय शिव्या द्यायच्या त्या देऊ दे."

तारखेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, देवाला नमस्कार केला. कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो आणि जिन्यावरून कोणी वर आलं की हे उठून उभे राहायचे. बँकेचे वकील आले. फायनान्स कंपनीचे आले, ते आपसात क्रिकेटवर बोलत होते. बोळातलं एकही माणूस आलं नाही. आमचा पुकारा झाला, काम आटोपलं, पुढची तारीख पडली, तरी हे व्हरांड्यात रेंगाळत होते.

"नाय आला," एवढंच म्हणाले. रिक्षात बसल्यावर पुन्हा म्हणाले, "माझं तोंडसुद्धा बघायचं नाय त्याला."

मी म्हटलं, "काहीतरी काम निघालं असेल." पण मलाही तेच वाटलं होतं. पुढच्या तारखांनाही कोणी आलं नाही.

अर्ज मंजूर झाला. दुकान गेलं, माल गेला. वकीलबाईंनी सांगितलं होतं ते खरं ठरलं, दारात कुणीही आलं नाही. फाटकाशी उभी राहणारी पोरं थांबली आणि भाईही थांबले. दरवर्षी सीताफळांची टोपली घेऊन येणारा माणूस एकदाही आला नाही, तेव्हा ह्यांनी तो विषयच बंद केला. चिकलठाण्याला एका गोदामात नोकरी धरली. औरंगपुऱ्यात काही आणायचं असलं की मला पाठवायचे.

गेल्या हिवाळ्यात वायरवाल्याच्या मुलाचा फोन आला, भाई गेले. खुलताबादलाच माती होती. ह्यांनी आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, जुन्या स्कूटरची किल्ली घेतली, आणि उंबऱ्याशी येऊन चपला काढून ठेवल्या. "कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणाले. "जिवंतपणी ज्यानं तोंड बघितलं नाय, त्याच्या मातीला?" मी आग्रह केला नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं, याचंच आता वाईट वाटतं.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच खुलताबादला भाईंच्या बायकोला भेटायला गेले. मनात धाकधूक होती, बाई दारातूनच परत पाठवते की काय. तिनं मला धरून जवळ बसवलं आणि म्हणाली, "भाईसाब कैसे हैं? इत्ती शरम करते क्या कोई?"

मी म्हटलं, "भाभी, कोर्टात कोणीच आलं नाही. ह्यांनी मनाला फार लावून घेतलं."

ती म्हणाली, "उनोच तो सबकू रोके थे ना! नोटिस आया तो एकेक दुकानपे जाके बोले, कोई कोर्टकू नक्को जाओ. वो हमारे सामने हाथ जोडके खडा रैना, ये मेरेकू देखने का नै."

मी विचारलं, "मग घरी का नाही आले?"

"घरकू आए तो तगादेकू आए समझते ना तुमलोगां. बोले, उसका मन ठंडा होने दो, खुदच आएगा." मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, दवाखान्यात शेवटच्या दिवसांत कोणी भेटायला आलं की ते दाराकडं मान वळवून विचारायचे, "आया क्या उनो?"

बसमध्ये सगळी वाट मी विचार करत होते, सांगू की नको. दौलताबाद मागं पडलं तरी ठरेना. घरी पोहोचले तेव्हा हे अंगणात गाडी धूत होते. मला राहवलं नाही. भाईंनी सगळ्यांना का थांबवलं आणि घरी का आले नाहीत, ते सांगून टाकलं.

हातातला पाइप खाली पडला, पाणी वाहत राहिलं. मीच जाऊन नळ बंद केला.

"त्यानं थांबवलं होतं?"

"व्हय."

"मग मी मातीला गेलो असतो गं." दोन्ही हात ओले, तसेच चेहऱ्यावर धरले. "मूठभर माती तरी टाकली असती."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता, दुकानाला सील लागलं तेव्हाही नाही. मग त्यांनी मान वर केली.

"शेवटी काही बोलला का तो? माझ्याबद्दल?"

"नाय," मी म्हणाले. "शेवटी शुद्ध नव्हती त्यांना."