नाचाचा हॉल मी पुसला त्याची गोष्ट

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक पाचवीत शिकवत असावेत. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, त्यामुळे माफी कोणाकडे मागते आहे ते मलाही ठाऊक नाही. पण मागितलेली बरी.

तर, ब्लॅकटाउनमध्ये एका शनिवारी मी नाचाचा हॉल पुसला.

आता यात काय झालं, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

आम्हाला तेव्हा ऑस्ट्रेलियात येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. हे एका कारखान्यात नकाशे काढायचे. मी घरी असायचे आणि दारावरची बेल वाजली की बाथरूममध्ये जाऊन बसायचे (लाजाळू स्वभाव!). मैत्रीण एकच, शेजारची फिलोमिना. ती वसईची, लग्नांत बँडवर नाचत मोठी झालेली. तिला इथे हॅरिस नावाचे एक म्हातारे गृहस्थ भेटले. ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे साहेबलोकांचे नाच शिकवायचे. दोघांनी ठरवलं, महिन्यातून एका शनिवारी हॉल घ्यायचा. ज्याला नाच येतो त्याने यावं, ज्याला येत नाही त्यानेही यावं. हॉलची कमिटी म्हणाली, एकदा करून दाखवा, नीट झालं तर दर महिन्याला देऊ. आणि फिलूकडून चाळीस डॉलर डिपॉझिट ठेवून घेतलं. ते तिने शिवणकामातून साठवलेले होते.

"सुशी, तू यायचंस," फिलू म्हणाली.

"मी नाही बाई. परक्या पुरुषाचा हात धरायचा?"

"एकाचा नाही गं! ओळीत उभं राहायचं. दर फेरीला पुरुष बदलतो."

हे ऐकून मला जरा पाणी प्यावं लागलं.

"मी मदतीला येते," मी म्हटलं. "चहाचं बघते. नाचणार मात्र नाही."

शनिवारी दुपारी फिलूने मला हॉलवर सोडलं आणि ती रेकॉर्ड प्लेअर आणायला गेली. मी चपला दाराशी काढल्या, आत गेले आणि बघते तो काय! एवढी सुंदर लाकडी जमीन, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी पावडर. मधूनमधून मेणबत्तीचा कीस. (आमच्या माहेरी जमिनीवर अशी पावडर एकाच कारणासाठी टाकत. झुरळं.) संध्याकाळी पाहुणे येणार आणि हॉलची ही कळा! मला फिलूची फार दया आली. मागच्या खोलीत बादली होती, दांड्याचं पोतेरं होतं, साबणाचा चुरा होता, नळाला गरम पाणी होतं. मी पदर खोचला.

दोनदा पुसलं. दुसऱ्यांदा साबण जरा जास्त घातला, कारण मेण निघत नव्हतं.

संध्याकाळी माणसं आली. बायकांचे घेरदार झगे, पुरुषांचे पितळी बटणांचे कोट. एक जण तर जुन्या काळच्या सेनापतीच्या वेषात होते. (एरवी प्लंबर.) आमचे हेही आले आणि कोपऱ्यातली खुर्ची पकडून बसले. मी चहाच्या टेबलामागे. हॅरिसनी रेकॉर्ड लावली, सगळ्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि डौलात पाय पुढे सरकवले.

पाय सरकले नाहीत.

अख्ख्या हॉलमधून च्यॅक च्यॅक असा आवाज येऊ लागला, चिखलातून म्हशी चालल्यासारखा. सेनापती गिरकी घेऊन पुढे गेले, त्यांचा बूट मागेच राहिला. हॅरिसनी रेकॉर्ड थांबवली. गुडघ्यावर बसून जमिनीला बोट लावलं. बोटाचा वास घेतला.

"माझी जमीन कोणी धुतली?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

या देशात कशालाही 'नो वरीज', म्हणजे काळजी नको, असं म्हणतात. घराला आग लागली तरी म्हणतील. हॅरिस म्हणाले नाहीत. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण माझ्या साडीच्या काठाला अजून फेस होता.

फिलू माझ्याजवळ आली. "सुशी, अगं, ती पावडर त्यांनी सकाळभर खपून टाकली होती!"

"मुद्दाम?"

"मग काय! पाय सरकायला नकोत?"

तेवढ्यात हे खुर्चीतून उठून आले. "अगं, कॅरम! कॅरमवर आपण पावडर टाकतो की नाही? तू बोर्ड धुऊन काढलास!"

(कॅरममध्ये मी यांना दर रविवारी हरवते. म्हणून हे त्यांनी जरा मोठ्याने सांगितलं.)

फिलूचे डोळे भरून आले. "गेलं सगळं. हॉल गेला, माझे चाळीस डॉलर गेले."

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. पण धरणीला तर साबण लागला होता!

"रडू नका, मी पावडर आणतो," असं म्हणून हे गाडी घेऊन गेले. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी लहान मुलांच्या पावडरचे होते नव्हते तेवढे डबे उचलले. दुकानदारीणबाईंनी विचारलं, "जुळं झालं का?" हे घाईत "थँक यू" म्हणाले. आमचे हे नकाशात केसभर चूक चालवून घेत नाहीत. पण पावडर टाकताना त्यांनी मोजमाप असं काही ठेवलंच नाही. जमीन पांढरी, पडदे पांढरे, हेही पांढरे. एवढ्या वर्षांत मी यांना इतकं गोरं पाहिलं नव्हतं!

रेकॉर्ड पुन्हा लागली. या वेळी पाय सरकले. थांबले मात्र नाहीत.

पहिली जोडी सरळ पडद्यात गेली. एका बाईंनी झग्यासकट खाली बसून अख्खी फेरी पूर्ण केली. हॅरिस "लेडीज अँड जेंटल..." एवढं म्हणून दारातून बाहेर गेले.

मी नेमकी पडलेला कप उचलायला हॉलच्या मध्यभागी आले होते. आणि सगळ्या हॉलमध्ये अनवाणी अशी मी एकटीच! माझे पाय जमिनीला घट्ट. ही गोष्ट पहिल्यांदा सेनापतींच्या लक्षात आली. ते वेगाने माझ्याकडे येत होते. मी हात पुढे केला नाही, त्यांनी तो शोधून काढला. आता एवढा मोठा पुरुष अंगावर येतोय म्हटल्यावर मंगळागौरीत शिकलेलं आपोआप झालं. दोन्ही हात धरले, मागे रेलले, एक फुगडी घातली आणि सोडून दिलं. सेनापती घसरत गेले आणि भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन नीट बसले.

"काय नेम आहे!" हे कोपऱ्यातून ओरडले.

मग रांगच लागली. जो घसरायचा तो माझ्याकडेच यायचा. मी धरायचे, फिरवायचे आणि रिकामी खुर्ची बघून सोडायचे. परक्या पुरुषाचा हात धरणार नाही म्हणणारी मी, त्या संध्याकाळी हॉलमधला एकही सोडला नाही! सगळ्यांत शेवटी, बाहेरून परत आत येणारे हॅरिस आले. त्यांना मी फिलूच्या शेजारी बसवलं.

"नो वरीज," ते धापा टाकत म्हणाले. मग फिलूला विचारलं, "हा नाच कोणत्या शतकातला?"

"फार जुना," फिलू बेधडक म्हणाली.

लोक हसून हसून घरी गेले आणि पुन्हा कधी म्हणून विचारत राहिले, त्यामुळे कमिटीने हॉल दर महिन्याला दिला. डिपॉझिट मात्र जमीन पॉलिश करायला कापून घेतलं. शिवाय, साडीवाल्या बाईंनी पोतेऱ्याला हात लावू नये, असं तोंडी कळवलं.

हे दुसऱ्या दिवशी मला घेऊन फिलूला पैसे द्यायला गेले.

"भाऊजी, पाकीट खिशात ठेवा," फिलू म्हणाली. "हिने बुडवले, हीच फेडेल. एका नाचाचा एक डॉलर. नवऱ्याबरोबरचा धरायचा नाही."

"अगं, तू मैत्रीण आहेस की सावकार?" मी म्हटलं.

"पुढच्या वेळी सातला तयार राहा."

फेडले. पहिले काही डॉलर मी डोळे मिटून फेडले, त्यामुळे ते कोणाबरोबर फेडले ते सांगता येणार नाही. सेनापतींबरोबर बरेच फेडले. (ते आता बुटाला दोन गाठी मारून येतात.) वर्ष सरता सरता एका शनिवारी नाच संपला आणि फिलूने भर हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या. "फिटले गं सगळे! सुटलीस!"

पुढच्या महिन्यात नाचाच्या शनिवारी मी साडी नेसून, पदर खोचून दारात उभी राहिले. यांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"फिलूचे पैसे फिटले ना?"

"पूर्ण फिटले."

"मग आज कुठे?"

"थोडे आगाऊ भरून ठेवते," मी म्हटलं. "परत कधी हॉल पुसला तर!"