कानपिळीचा फोटो

बाप गेला तवा त्याची म्हणावी अशी एकच वस्तू घरात राहिली, त्याची लेन्स. सगळी धातूची आन काचेची, प्लास्टिकचं नाव न्हाई. मानवतचा फोटो स्टुडिओ त्यानं जलमभर तिच्यावर चालवला. मधी एक कडं लावून मी ती माझ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली. बाकीचे फोटोवाले हसायचे, "म्हातारीला नवी साडी नेसवलीस व्हय रं?" हसू द्या. तिच्यातून माणूस दिसतो, नुसतं गोरं थोबाड न्हाई. पण तिच्यात आपोआप काहीच होत न्हाई. बोटानं कडी फिरवायची, चेहरा साफ आला की बटण दाबायचं. तोवर समोरच्यानं हलायचं न्हाई.

झरीच्या एका लग्नात कानपिळी चालू झाली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान धरला. मला स्क्रीनवर समदं धुरकट. मी वरडलो, "सोडू नको! पिळ आजून!" त्या येड्यानं खरंच पिळला. भिकबाळी कान फाडून बाहेर आली, रक्ताची धार लागली. नवरदेवानं त्याच्या थोबाडात हाणली. झालं! खुर्च्या उडाल्या, वरणाची बादली एकाच्या डोक्यात बसली, जो तो दिसंल त्याला बडवायलाय.

नवरदेवाचा चुलता माझ्यावर धावला. "ह्यानंच पिळायला लावलं!" चोर सोडून संन्याशाला फाशी! पिळणाऱ्याला अक्कल नको का? त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा असा ओढला की माझा गळा आवळला. हाताला चावलो, तरी सोडंना. मी म्हणलो, "काका, मला मारा, पण लेन्सला हात लावू नका. बापाची हाय."

त्यानं ते ऐकलं. ऐकून मगच कॅमेरा हिसकला आन लेन्सकडून मांडवाच्या खांबावर आपटला. काचेचा भुगा होईस्तोवर आपटत राहिला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोखंडी खुर्ची उचलली आन त्याच्या पाठीत घातली. तो आडवा झाला, तरी खांद्यावर घातली. त्याची लेक धावत आली, तिनं माझे पाय धरले. लय रडायलती बिचारी. "दादा, बास करा! बाप हाय माझा!"

मीबी ऐकलं. ऐकून तिला बाजूला सारलं आन परत हाणली.